घरच्या घरी ऑईल फिल्टरची धार मोजणं: पावसाळ्यापासूनचा वापर

गाडीच्या ऑईल फिल्टरमधून तेल किती वेगाने वाहतं, म्हणजे त्याची धार, मोजायची जोडणी फोंड्यातल्या एका लेथवाल्याकडून जून महिन्यात बनवून घेतली आणि तेव्हापासून ती आमच्या पडवीत उभी आहे. रचना साधी आहे. एक जाड चकती, तिच्या मधोमध एम-20 x 1.5 आट्यांचा (20 मि.मी. व्यास, आट्यांतलं अंतर 1.5 मि.मी.) निपल, म्हणजे फिल्टर ज्यावर पिळून बसतो ती आखूड नळी, बाजूला तेल आत सोडायचं भोक, त्यावर मीटरभर पारदर्शक नळी आणि नरसाळं. तेल फिल्टरच्या कडेच्या बारीक भोकांतून आत जातं, कागदातून गाळून मधल्या मोठ्या भोकातून बाहेर पडतं. इंजिनातही असंच होतं. पुष्कळ जण मधल्याच भोकात तेल ओततात आणि वेळ लावतात. ते मोजमाप उलट्या दिशेचं.

काम एकट्याचं नाही. एकाने नळीतली पातळी ढळू न देता ओतत राहायचं, दुसऱ्याने खाली लिटरचं माप आणि मोबाईलचं घड्याळ सांभाळायचं. खरा घोळ तापमानाचा. 5डब्ल्यू-30 या प्रकारचं इंजिन तेल वीस अंशांवरून तिसावर आलं की जवळजवळ दीडपट पातळ होतं. डिसेंबरातल्या पहाटे घेतलेला आकडा आणि त्याच फिल्टरचा मे महिन्यातल्या दुपारचा आकडा शेजारी ठेवले तर दोन वेगळे फिल्टर वाटावेत. म्हणून आता तेलाचा डबा आधी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवतो आणि थर्मामीटर चाळीस दाखवेल तेव्हाच नरसाळ्याला हात लावतो. गॅसवर तेल तापवायचं नाही, हे सांगायला नको.

आता मुद्द्याचं. मीटरभर तेलाचा दाब जेमतेम 0.08 बार. फिल्टरमधली बायपास झडप (फिल्टर तुंबला तर तेल न गाळताच पुढे सोडणारी) साधारण एक बारच्या आसपास उघडते. तेवढा दाब आणायचा तर नरसाळं बारा मीटर वर, म्हणजे माडाच्या शेंड्यावर बांधावं लागेल. म्हणजे बायपास उघडते की नाही, हे या जोडणीवर कळत नाही. शिवाय इंजिनाचा पंप फेऱ्यागणिक ठरावीक तेल ढकलतोच. फिल्टर थोडा घट्ट असला म्हणून तेल कमी जात नाही, फक्त आधी-नंतरच्या दाबातला फरक वाढतो. त्यामुळे ‘याची धार मोठी, म्हणून हा चांगला’ हा हिशेब माझ्या लेखी निकालात निघाला.

त्याचा पुरावाही मिळाला. सगळ्यात झरझर तेल सोडणारा निघाला तो सुटा, स्वस्तात घेतलेला फिल्टर, खोक्यावरची छपाई जरा फिकी. कटरने उघडला (करवत लावू नका, लोखंडाचा चुरा आत पडतो) तर कागदाच्या घड्या एका बाजूला टोपीला नीट चिकटलेल्याच नव्हत्या. नख सहज आत जाईल एवढी फट. तेल गाळलं जात नव्हतंच, नुसतं वाट काढून बाहेर येत होतं. किती बारीक कण अडतात हे मोजायला आयएसओ 4548-12 ची चाचणी लागते. ते पडवीतलं काम नव्हे.

खरा उपयोग झाला तो उलट-गळती रोखणाऱ्या रबरी झडपेच्या परीक्षेचा; इंजिन बंद असताना फिल्टरमधलं तेल परत वाहून जाऊ न देणं हे तिचं काम. फिल्टर भरून, मधलं मोठं भोक बुचाने बंद करून, तोंड खाली करून रात्रभर टांगून ठेवायचा, खाली पांढरा कागद. नव्या फिल्टरांत फारसा फरक नाही. गाडीवरून उतरवलेल्यांत मात्र काळ्या नायट्राईल रबराचे कागदावर बशीएवढा डाग पाडतात आणि केशरी सिलिकॉनवाले जवळपास कोरडे राहतात. उष्णतेने नायट्राईल कडक होतं, बोटाने दाबलं तरी समजतं. ज्यांचा फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसतो आणि सकाळी चालू करताना इंजिन क्षणभर खडखडतं, त्यांनी एवढी एक परीक्षा जरूर करावी. तिला जोडणीही लागत नाही.

बाकी कटकटी: दोन फिल्टरांच्या मध्ये सगळं पुसून काढावं लागतं, पावसाळ्यात निपलला गंज चढतो, आणि पडवीला तेलाचा वास राहतो त्यावरून घरात बोलणी बसतात. चाचणीतला फिल्टर मी गाडीला लावत नाही. तेल गाळून पुन्हा चाचणीलाच वापरतो, अगदी काळं झालं की गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात. व्हाळात ओतणाऱ्यांशी माझं जमत नाही.

धारेचा आकडा हवा म्हणून कुणी ही जोडणी बनवणार असेल तर मी नको म्हणेन. तेवढ्या पैशात चांगला कटर घ्या आणि प्रत्येक उतरवलेला फिल्टर उघडून बघा.