ब्रॉयलर खाद्यातील डीएल-मेथिओनिन: वापरानंतरचा अभिप्राय
मका आणि सोया पेंड यांवर आधारलेल्या ब्रॉयलर खाद्यात सर्वांत आधी कमी पडणारे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) म्हणजे मेथिओनिन आणि त्याखालोखाल लायसिन. म्हणून स्वतःचे खाद्य स्वतः मिसळणाऱ्याने ९९ टक्के शुद्धतेची डीएल-मेथिओनिन (कारखान्यात तयार केलेले मेथिओनिन) पावडर जरूर वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. टनामागे साधारण दोन ते तीन किलो एवढीच मात्रा लागत असल्याने ती थेट मिक्सरमध्ये न टाकता आधी थोड्या मक्याच्या भरड्यात नीट कालवून घ्यावी, नाहीतर काही पक्ष्यांना जास्त आणि काहींना जवळजवळ काहीच मिळत नाही. पिसांच्या घडणीला मेथिओनिनसारखी गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात, त्यामुळे आमच्या शेडमध्ये पहिला फरक पिसांच्या भरण्यात दिसला. लायसिनचीही जोड देऊन सोया पेंड थोडी कमी केल्यावर खाद्यातील जादा प्रथिने घटली, त्यामुळे शेडमधील तूस (पक्ष्यांखालचे अंथरूण) अधिक कोरडे राहिले आणि अमोनियाचा उग्र वासही कमी झाला, हे मला वजनवाढीइतकेच मोलाचे वाटते. सुटी, लेबल नसलेली पावडर स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. विक्रेत्याकडून बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र मागावे. लायसिन ज्या रूपात विकले जाते त्या लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये प्रत्यक्ष लायसिन सुमारे ७८ टक्केच असते, हेही खाद्याचे सूत्र मांडताना धरावे लागते.