स्वेच्छानिवृत्तीवर सही करावी की थांबावे? पन्नाशीनंतरच्या निर्णयाचा तुलनात्मक आढावा

पिंपरी-चिंचवड, ठाणे किंवा नाशिकच्या अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीत पंचवीस-तीस वर्षे एकाच कंपनीत काढलेल्या कामगाराला पन्नाशीनंतर कंपनी सहसा थेट काढत नाही. सूचनाफलकावर स्वेच्छानिवृत्ती योजना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली व्हीआरएस, लागते; तिला थोडी मुदत असते आणि ‘पुढची योजना याहून कमी रकमेची असेल’ ही कुजबुज शॉपवर, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष काम चालते तेथे, सुरू होते. अशा वेळी दोन वाटा असतात. एक, सही करून रक्कम घेणे. दुसरी, थांबणे आणि पुढे कामगार कपात झाली किंवा कारखाना बंद झाला तर कायद्याने मिळेल ते घेणे. बहुतेक जण ही तुलना केवळ रकमांवरून करतात. माझ्या मते त्याआधी ठरवायला हवे ते हे, की कंपनीला माणसे कमी करायची आहेत की कारखानाच गुंडाळायचा आहे.

कपात करताना त्या वर्गवारीत शेवटी लागलेल्याला आधी काढावे, हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मालकाला त्याला बगल द्यायची असेल तर कारणे नोंदवावी लागतात. शिवाय ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे सेवाज्येष्ठता यादीत वर असलेला कामगार मालकाला सर्वांत महाग पडतो आणि त्यालाच काढणे सर्वांत कठीण असते. योजना प्रामुख्याने त्याला डोळ्यांसमोर ठेवून का आखली जाते, याचे उत्तर यात आहे. केवळ कपातीची भीती दाखवली जात असेल, तर २८ वर्षे सेवा झालेल्या माणसाने घाईने सही करण्याचे कारण नाही.

कारखानाच बंद होणार असेल, तर मात्र ज्येष्ठतेचा काहीच उपयोग नसतो. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या प्रकल्पात डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले, तो प्रकल्प पुढे ह्युंदाईकडे गेला, आणि कामगारांचा न्यायालयीन लढा दरम्यान लांबतच राहिला. असा लढा लढणे चूक नाही. पण पन्नाशीतल्या माणसाकडे वाट पाहायला वर्षे कमी असतात, हे त्याने हिशेबात धरावे. यंत्रे किंवा डाय (सुटे भाग बनवण्याचे साचे) दुसऱ्या प्लांटला हलवली जात आहेत का, नवीन मॉडेलचे काम येथे मिळाले आहे का, देखभालीचा खर्च थांबला आहे का, या गोष्टी शॉपवरच्या माणसाला व्यवस्थापनाच्या भाषणापेक्षा अधिक खरे सांगतात.

आता रकमा पाहू. समजा वय ५२, सेवा २८ वर्षे, निवृत्तीचे वय ५८ आणि मासिक वेतन ४०,००० रुपये आहे. कायद्यानुसार कपातीची भरपाई पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी, म्हणजे सुमारे ५ लाख ६० हजार रुपये होते. नव्या संहितेप्रमाणे मालकाने पुनर्कौशल्य निधीत (कपात झालेल्यांना नवे काम शिकता यावे म्हणून असलेल्या) भरलेले आणखी १५ दिवसांचे वेतन त्यात येते. योजनेत दर वर्षासाठी ६० दिवसांचे वेतन असेल, तर रक्कम २२ लाख ४० हजार होते. चौपट रकमेने डोळे दिपतात. परंतु योग्य तुलना उरलेल्या नोकरीशी करायला हवी, आणि ७२ महिन्यांचा पगार २८ लाख ८० हजार होतो, तोही पगारवाढ न धरता. ग्रॅच्युइटी, या उदाहरणात सुमारे साडेसहा लाख, दोन्ही वाटांनी मिळतेच. ती योजनेच्या एकूण आकड्यात मिसळून दाखवली असेल तर ती आधी वजा करावी. योजनेच्या रकमेपैकी ५ लाखांपर्यंतच प्राप्तिकर माफ असतो, तोही आयुष्यात एकदाच, आणि त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत पुन्हा रुजू होण्याचा बेत असेल तर ही सवलत धोक्यात येते.

बीएसएनएलच्या २०१९ च्या योजनेचा दाखला अनेकदा दिला जातो, कारण ती सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी घेतली. त्यांपैकी बहुतेकांना सरकारी पेन्शन होते. खासगी कारखान्यातल्या माणसाला ईपीएस-९५ चे, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेचे, पेन्शन मिळते, आणि १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर ३५ वर्षांच्या सेवेनंतरही ते महिना साडेसात हजारच होते. ५८ च्या आधी घेतल्यास दर वर्षामागे ४ टक्के कपात होते, म्हणून हातात पैसे असताना ते लवकर सुरू करू नये.

सही केल्यावर काय संपते, हेही समजून घ्यावे. योजना स्वीकारून रक्कम घेतलेल्या माणसाला मागील वेतनवाढीसारखे दावे पुन्हा उकरता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले. वेतनकराराची बोलणी चालू असतील, तर मागील फरकाची रक्कम कोणाला मिळणार हे सहीपूर्वी लेखी घ्यावे.

व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला यातले बरेचसे लागू नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नसतो. सेवाज्येष्ठतेचे कवच त्याला नसते. एचआर खोलीत बोलावून राजीनामा मागते. थांबण्याची वाट त्याला जवळजवळ बंदच असते, म्हणून त्याने घासाघीस करावी: नोटिशीचा काळ, शिल्लक रजेचे पैसे आणि मेडिक्लेम. कंपनीचा गट विमा गेल्यावर नव्या पॉलिसीत मधुमेह-रक्तदाबासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, त्यामुळे त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नोकरी सुटण्यापूर्वीच विचारून घ्यावी. ही सूचना कामगारांनाही तितकीच लागू आहे.

एकंदरीत, पन्नाशीच्या सुरुवातीला, मुलांचे शिक्षण आणि घराचे हप्ते बाकी असताना, आणि कारखाना चालू राहण्याची लक्षणे दिसत असताना मी थांबण्याच्या बाजूने आहे. कारखाना आवरला जात असेल तर योजनेची पहिली फेरीच घ्यावी. वय ५६ असेल तर हिशेब वेगळाच होतो: तेव्हा उरलेला पगार चोवीस महिन्यांचाच असतो, आणि तो जवळपास पूर्ण एकरकमी मिळत असेल तर थांबून पीएफमधला मालकाचा हिस्सा, दोन वर्षांची ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेम एवढेच पदरात पडते. विम्याची दुसरी व्यवस्था झालेली असेल, तर तेथे मी सहीच सुचवेन.