वर्षभर शाळेसाठी मुंबईची संग्रहालयं वापरली, त्याचा अनुभव

परळच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी इतिहास शिकवते. गेलं अख्खं शैक्षणिक वर्ष सहावीच्या वर्गासाठी मुंबईतली संग्रहालयं आणि त्यांचे शाळांसाठीचे कार्यक्रम वापरले. वार्षिक सहल वेगळी झाली, हे सगळं अभ्यासाचा भाग म्हणून केलं. मुलांना नेमकं कुठे न्यायचं आणि त्यातून हाती काही लागतं का, असं बऱ्याच शिक्षकांनी आणि पालकांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

हाती भरपूर लागतं. फक्त एका दिवसात सगळी दालनं उरकायची नाहीत. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मुलांचे पाय दुखायला लागतात, मग ती फक्त तलवारी आणि ममी कुठे आहे एवढंच विचारतात. आम्ही एक विषय धरला, सोपारा, आणि त्याच्या मागे मागे वेगवेगळ्या ठिकाणी गेलो.

सोपारा का? सहावीला मौर्य साम्राज्य आहे, अशोकाचे लेख आहेत. आणि नालासोपारा स्टेशन आमच्या मुलांना तोंडपाठ. लालबाग-काळाचौकीची चाळ सोडून तिकडे राहायला गेलेला काका नाहीतर मावशी जवळपास प्रत्येक घरात आहे. त्याच सोपाऱ्यात १८८२ साली जुन्या लेखांचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी एक टेकाड खणलं. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. आत निघाला बौद्ध स्तूप. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, तिच्यात मधोमध तांब्याचा करंडक, म्हणजे झाकणाची डबी, भोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा, आणि सगळ्यात आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. एवढ्या सोन्या-चांदीच्या आत मातीचं खापर का ठेवलं असेल, हा प्रश्न एका मुलीने विचारला आणि तो तास तिथेच संपला. पुढचे दोन तास त्यावरच गेले.

सोपाऱ्यात सापडलेला अशोकाच्या लेखाचा तुकडा फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. वास्तुविशारद जॉर्ज विटेटची ही इमारत १९२२ साली लोकांसाठी उघडली. घुमट, बाग सगळंच बघण्यासारखं आहे, पण आम्ही सरळ त्या दगडापाशी गेलो. जायच्या आधी वर्गात ब्राह्मीची, म्हणजे अशोकाच्या लेखांच्या लिपीची, थोडी अक्षरं गिरवून घेतली होती. ‘क’ म्हणजे बेरजेचं चिन्ह, ‘ग’ म्हणजे घराचं उतरतं छप्पर, ‘र’ म्हणजे उभी नागमोडी रेघ. तेवढ्यावर मुलं दगडासमोर उभी राहून अक्षरं शोधायला लागली. झिजलेल्या ओळीत एकाला ‘क’ सापडला तेव्हा जो आरडाओरडा झाला, त्यावर मी कुणालाही गप्प केलं नाही. दोन हजार वर्षांहून जुनं अक्षर स्वतः वाचलेलं मूल पुढे पाठ्यपुस्तक वेगळ्या नजरेने उघडतं, हे मी वर्षभर बघितलं.

तिथेच आमच्या परळचा दगड भेटला. १९३१ साली परळहून शिवडीला रस्ता काढताना एक भलीमोठी शिळा सापडली. एकातून एक उमटत गेलेल्या शिवाच्या सात आकृती आणि पायाशी वाद्यं घेतलेले गण. मूळ मूर्ती आजही परळच्या बारादेवी मंदिरात आहे, तिची पूजा होते. संग्रहालयात आहे ती साच्यातून काढलेली प्रतिकृती. काही मुलांनी आजीबरोबर मूळ मूर्तीला हात जोडले होते, पण हार-फुलांमुळे गण कधी दिसले नव्हते. प्रतिकृतीपुढे उभं राहून ती वाद्यं ओळखत बसली. तुमच्या शाळेच्या परिसरातलं असं काही संग्रहालयात असेल तर सुरुवात तिथूनच करा, मुलांना ओढून न्यावं लागत नाही.

या संग्रहालयाची बस, म्हणजे फिरतं संग्रहालय, २०१५ पासून चालू आहे. ज्या शाळांना फोर्टापर्यंत येणं जमत नाही त्यांनी त्यासाठी जरूर लिहावं.

मग भायखळा. राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय माझ्या मते या वयाच्या मुलांसाठी मुंबईतलं सर्वांत उत्तम. ते १८७२ साली उघडलं. वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या प्रतिकृतींमधून जुन्या मुंबईतली माणसं आणि त्यांचे धंदे बघायला मिळतात. वस्तू लहान, त्यामुळे मुलं आपोआप वाकून, काचेला नाक लावून बघतात. आमच्या सोपाऱ्याच्या गोष्टीला जोडही इथेच मिळाली. भाऊ दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, आणि जुन्या लेखांचे मोठे अभ्यासक. जुनागढहून आलेल्या तरुण भगवानलालना त्यांनीच हाताशी धरलं आणि लेखांच्या नकला करायला देशभर पाठवलं. म्हणजे सोपाऱ्याचा स्तूप खणणारा माणूस भाऊंच्या तालमीतला. मुलांनी हे वहीत बाण काढून लिहिलं, आणि ज्यांचं नाव दारावर आहे ते कोण होते, हे त्यांना आता कुणी सांगावं लागत नाही. बाहेरचा घारापुरीचा दगडी हत्ती चुकवू नका. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो फुटला, तुकडे इथे आणून पुन्हा जोडले. सांधे शोधायला मुलांना दहा मिनिटं मोकळं सोडा.

एशियाटिक सोसायटीत वर्गाला न्यावं असं मी म्हणणार नाही, ती मोठ्यांची जागा आहे. पण शिक्षकांनी स्वतः जावं. १८०४ साली सुरू झालेली ही संस्था टाऊन हॉलमध्ये आहे आणि सोपाऱ्याचे ते करंडक हिच्याच संग्रहातले. व्याख्यानं कुणालाही ऐकता येतात. माझी वर्गातली तयारी बरीचशी तिथे ऐकलेल्यावर झाली. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाचे, म्हणजे नेहमीच्या कॉलेजबाहेरच्या लोकांसाठीचे, पुरातत्त्वाचे अभ्यासक्रमही नोकरी सांभाळून करण्यासारखे आहेत.

‘आणिक’ नावाच्या बस आगारातलं बेस्टचं संग्रहालय आम्ही ट्रामसाठी बघितलं. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम धावली. आजोबांनी ट्रामने प्रवास केलेली मुलं अजून वर्गात आहेत, त्यांनी घरून आठवणी लिहून आणल्या. छोटी जागा आहे, तासाभरात होते.

आता जे खुपलं ते. एका संस्थेत मराठी शाळा येणार हे आधी लेखी कळवूनही माहिती देणाऱ्या ताई इंग्रजीतच बोलल्या आणि वर्कशीटही इंग्रजी हातात दिली. वर्गात एकेक वाक्य तोडून प्रश्न विचारणारी माझी मुलं तिथे तोंडातून शब्द काढेनात. मी मधे उभी राहून सगळं मराठीत सांगितलं, पण मुलांना जे वाटायचं ते वाटून गेलं होतं. मुंबईच्या इतिहासावर मुंबईच्या मुलांशी मराठीत बोलायला माणूस असणं ही सवलत नाही, तो कार्यक्रमाचा पाया आहे. दुसऱ्या एका ठिकाणी चित्र काढायला जमिनीवर बसलेल्या मुलांना सुरक्षारक्षकांनी उठवलं. डबा खायला सावलीची जागा आणि पिण्याचं पाणी, हेही सगळीकडे मिळेलच असं नाही. फोनवर हे तिन्ही प्रश्न आधी विचारून घ्या. मुख्याध्यापकांचं पत्र आगाऊ द्या, बहुतेक ठिकाणी शाळांना सवलत मिळते. भायखळ्याला बुधवारी सुट्टी असते.

वर्कशीट मिळाली तरी माझा सल्ला, स्वतःची करा. माझ्या एका पानावर तीनच कामं असतात: वस्तूचं चित्र काढा, ती कशाची आणि कशी केली असेल ते लिहा, आणि एक प्रश्न विचारा. प्रश्नांची पानं मी जपून ठेवली आहेत, पुढच्या सहावीला तीच देणार. यंदा बोरिवलीच्या एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, तेही जोडायचे आहेत. जहाजांची लढाई कोरलेले ते दगड वस्तीतच उभे आहेत आणि तिथे तिकीट नाही. तिकडच्या शाळांपैकी कुणी आधीच मुलांना नेलं असेल तर कसं केलंत ते जरूर कळवा.