साताऱ्याच्या रोपवाटिकेतील बाशिंग: रोप अस्सल, चिठ्ठी चुकीची

साताऱ्याजवळ महामार्गालगत असलेल्या एका रोपवाटिकेतून गेल्या वर्षी पावसाळा सरताना लाकडी फळीवर बांधलेला एक नेचा ४५० रुपयांना घेतला. त्याच्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘स्टॅगहॉर्न फर्न’ असे छापलेले होते. रोप उत्तम निघाले, उन्हाळाही त्याने व्यवस्थित काढला. परंतु ते स्टॅगहॉर्न नव्हे. महाबळेश्वर आणि कोयनेच्या परिसरात झाडांच्या खोडांवर वाढणारे आपले बाशिंग, म्हणजे ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया, ते हे. रोपाची निगा कशी घ्यायची आणि ते कुठून आले असावे, हे दोन्ही प्रश्न नावावर अवलंबून असल्याने ओळखीच्या खुणा येथे सविस्तर देत आहे.

गफलत का होते, हे समजण्यासारखे आहे. दोन्ही नेचे झाडाच्या आधाराने वाढतात आणि दोघांनाही दोन प्रकारची पाने असतात: एक फांदीला चिकटून राहणारी, दुसरी मोकळी वाढणारी. मात्र स्टॅगहॉर्नची मोकळी पाने टोकाकडे सांबराच्या शिंगांप्रमाणे फाटे फुटलेली असतात आणि त्यांच्यावर बारीक पांढुरकी लव असते. बाशिंगाचे मोकळे पान लांब देठाचे असून मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना खोलवर कापलेले, लांबट खंड एकाआड एक असे ओळीने असतात. रानात हे पान सुमारे मीटरभर वाढू शकते. माझ्या रोपाची पाने अजून त्याच्या निम्मीही नाहीत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या जातीचे वर्णन केले तेव्हा पॉलिपोडियम या प्रजातीत तिची नोंद झाली होती. अलीकडे काही वर्गीकरणकार तिला अग्लाओमॉर्फा या प्रजातीत ठेवतात, त्यामुळे परदेशी विक्रेत्यांकडे तेही नाव आढळते.

निर्णायक पुरावा पानाच्या मागच्या बाजूला मिळतो. एका जून पानावर बीजाणू (नेच्याचे पुनरुत्पादन करणारे सूक्ष्म कण) धरलेले होते, म्हणून ते दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहिले. प्रत्येक खंडात मधल्या शिरेपासून कडेकडे जाणाऱ्या उपशिरा ठळक दिसतात आणि लगतच्या दोन उपशिरांच्या मधल्या पट्टीत तपकिरी, वाटोळ्या बीजाणुपुंजांच्या दोन सरळ रांगा असतात. पुंजांवर झाकणासारखा पापुद्रा नसतो, त्यामुळे आतल्या बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंच्या बारीक पिशव्या, उघड्याच दिसतात. स्टॅगहॉर्नमध्ये असे वेगवेगळे ठिपके नसतात. पानाच्या टोकाजवळ मखमली तपकिरी थर सलग पसरलेला असतो. एवढी एक गोष्ट पाहिली तरी दोघांत गल्लत होण्याचे कारण उरत नाही. पान कोवळे असेल आणि पुंज नसतील, तर खोड पाहावे: बाशिंगाचे खोड जाड, मांसल, आडवे रांगणारे असून त्यावर तपकिरी खवल्यांचे दाट आवरण असते.

आता चिठ्ठीबद्दलची माझी मुख्य तक्रार. ‘वाळलेली तपकिरी पाने काढून टाकावीत’ अशी सूचना तिच्यावर आहे आणि ती या रोपासाठी सरळ घातक आहे. बाशिंगाची बुडाची पाने बिनदेठाची, रुंद आणि उथळ कातरलेली असतात. सुरुवातीला ती हिरवी असतात, पण लवकरच वाळून कागदासारखी कडक होतात आणि गळून न पडता तिथेच राहतात. वरून पडणारा पाचोळा आणि धूळ त्यांच्या आड साठते, कुजते, आणि त्यातच रोपाची मुळे अन्न व ओलावा शोधतात. ती पाने ओरबाडली, तर रोपाचे खतही गेले आणि ओलही गेली. (खऱ्या स्टॅगहॉर्नच्या बुडाच्या पानांनाही हात लावायचा नसतो, म्हणजे ही सूचना दोन्हीकडे चुकीचीच ठरते.)

निगा सोपी आहे. खोड मातीत पुरू नये, ते कुजते. साताऱ्याची एप्रिल-मेमधली हवा कोरडी असल्याने माझ्या रोपाची बरीचशी हिरवी पाने वाळून झडली. रानातही कोरड्या दिवसांत असेच होते, तेव्हा रोप मेले असे समजून टाकून देऊ नये. खोड टणक असेल तर पहिल्या पावसांबरोबर नवे कोंब येतात, माझ्या रोपाला तसे आलेही.

बांधणीला मात्र पूर्ण गुण देईन. खोडाखाली नारळाच्या काथ्याची जाड गादी होती आणि मुळे तिच्यात घट्ट गुंतलेली होती. खोडाला झाडाची साल किंवा दगडफूल चिकटलेले नव्हते, कापलेले टोकही जुने व सुकलेले होते. रोप रानातून नुकतेच ओरबाडलेले नसावे, असे यावरून वाटते. विचारल्यावर ‘आमच्याच जुन्या रोपाचे खोड तोडून वाढवले आहे’ असे सांगण्यात आले; पण ते चिठ्ठीवर छापायला हवे. कोयना अभयारण्यातून विनापरवाना वनस्पती काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि आधीच या नेच्यावर दुसरा एक अन्याय होतोच: आंब्याच्या झाडावर तो दिसला की बांडगूळ समजून छाटला जातो. बांडगूळ झाडाच्या आतून रस शोषते. बाशिंगाची मुळे सालीला केवळ धरून राहतात, आत शिरत नाहीत.

तिथे इतरही नेचे विकायला होते. बर्ड्स नेस्टची रोपे तजेलदार होती आणि त्यांची नावेही बरोबर होती.

घराच्या पडवीत सावली आणि वारा असेल तर हे रोप जरूर घ्यावे. फक्त घेताना पान उलटून पाहावे आणि रोप कुठून आणले ते विचारावे. रोपवाटिकेने चिठ्ठीवरचे नाव व ती सूचना दुरुस्त केली आणि रोपाचा उगम छापला, तर याच किमतीत आणखी एक रोप मी आनंदाने घेईन.