पाण्यावरचा पॉलिमर: रिफ्लेक्टिव्हिटी घ्यावी की एक्सपीसीएस?

कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात, पातळ फिल्मवर काम करणाऱ्यांचा गोतावळा मोठा आहे. पण त्यातल्या बहुतेक फिल्म काचेवर किंवा सिलिकॉनवर बसलेल्या असतात आणि बसवल्या तिथंच राहतात. द्रवावरचा पॉलिमर तसा राहत नाही. त्याच्या साखळ्या पसरतात, गुंततात, पाण्यात डोकावून परत वर येतात. ही हालचाल क्ष-किरणांनी बघायची म्हटलं की विद्यार्थी विचारतात: रिफ्लेक्टिव्हिटी (परावर्तन मोजणं) करू की एक्सपीसीएस (एक्स-रे फोटॉन कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी)?

रिफ्लेक्टिव्हिटीत किरण पाण्यावर अगदी निसटता टाकतात. तांब्याच्या ट्यूबमधून निघणाऱ्या १.५४ अँगस्ट्रॉमच्या किरणांसाठी पाण्याचा क्रांतिक कोन, म्हणजे ज्याच्या खाली किरण जवळजवळ पूर्ण परावर्तित होतात तो, सुमारे ०.१५ अंश आहे. त्याहून कमी कोनात किरण जेमतेम पाच-सहा नॅनोमीटर आत शिरतात. कोन वाढवला की परावर्तन झपाट्यानं पडतं, आणि त्या पडण्यातल्या चढउतारांतून फिल्मची जाडी, घनता, खडबडीतपणा काढता येतो. पाणी तिरकं करता येत नाही, म्हणून खास मांडणीत किरणच खाली वळवावा लागतो. वारा पडलेल्या दिवशी रंकाळा आरशासारखा दिसतो, पण अणूंच्या मापानं तोही सपाट नसतो: नुसत्या उष्णतेनं उठणाऱ्या लहरींमुळे स्वच्छ पाण्याचा पृष्ठभागसुद्धा सुमारे ३ अँगस्ट्रॉम खडबडीत भरतो.

अडचण इथंच आहे. एका स्कॅनला मिनिटं लागतात आणि त्या मिनिटांतली सगळी धावपळ 'खडबडीतपणा' या एका आकड्यात जिरून जाते. अधिशोषण (रेणू पृष्ठभागाला चिकटणं), फुगणं, दाबल्यावर हळूहळू सैल पडणं अशा संथ गोष्टी मात्र एकापाठोपाठ स्कॅन घेऊन उत्तम दिसतात. त्यावर उभा राहिलेला प्रबंध मुळीच दुय्यम नसतो.

एक्सपीसीएसमध्ये सुसंगत, म्हणजे एकमेकांशी ताल धरलेल्या लहरींचे, किरण वापरतात. डिटेक्टरवर ठिपक्याठिपक्यांची नक्षी उमटते, पृष्ठभाग हलला की ती बदलते, आणि ती किती वेळात स्वतःला विसरते यावरून हालचालीचा काळ मिळतो. इथं सरासरी नाही, खरी हालचाल हाती येते. पॉलिस्टायरिनच्या वितळलेल्या फिल्मवरचं २००३चं काम या वाटेनं गेलेलं आहे, आणि त्यातल्या लहरी व्हिस्कॉसिटीनं, म्हणजे द्रवाच्या दाटपणानं, पूर्ण दबलेल्या होत्या.

निवड करण्याआधी एक हिशेब कागदावर मांडाच. जाड, घट्ट द्रवावरची लहर निवायला लागणारा वेळ म्हणजे दुप्पट व्हिस्कॉसिटी भागिले पृष्ठताण आणि तरंगसंख्येचा गुणाकार. सहा मायक्रॉनची लहर घ्या, म्हणजे तरंगसंख्या (२π भागिले तरंगलांबी) मीटरला दहा लाख, पृष्ठताण ०.०३ न्यूटन प्रति मीटर. व्हिस्कॉसिटी १०,००० पास्कल-सेकंद असेल तर वेळ येतो ०.६७ सेकंद. डिटेक्टरला हे आरामात जमतं. व्हिस्कॉसिटी १० वर आणली की तोच वेळ ०.६७ मिलिसेकंद होतो. तिथं वेगवान डिटेक्टर आणि भरपूर फोटॉन दोन्ही लागतात. साध्या पाण्यावरच्या एकपदरी थराखाली तर इतकं पातळ पाणी असतं, की त्या लहरी पकडण्याचा नाद सोडलेलाच बरा. अशा वेळी सोन्याचे नॅनोकण थरात पेरून त्यांची संथ सरकण बघणं शक्य असतं. पण मग कण साखळ्यांना ढवळतात का, हे वेगळं तपासावं लागतं.

दुसरी गोष्ट किरणांच्या माराची. एक्सपीसीएसला तीव्र किरण एकाच जागी बराच वेळ धरावा लागतो आणि पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. हालचाल पॉलिमरची की किरणानं केलेल्या जखमेची, हे किरणांची मात्रा बदलून दाखवता आलं नाही तर परीक्षक मान्य करणार नाहीत, आणि करूही नये. हेलियमचं आवरण, सतत नवी जागा, कंपन रोखणारं टेबल हे सगळं अंगवळणी पडायला वेळ जातो.

पॉलिमर निवडतानाही सावध राहा. पॉलिस्टायरिनमध्ये घन नॅनोमीटरला सुमारे ३४० इलेक्ट्रॉन, पाण्यात ३३४. क्ष-किरणांना त्यांच्यातली सीमा जवळजवळ दिसतच नाही. इथं जड पाणी वापरून न्यूट्रॉन परावर्तन हाच सरळ मार्ग. आणि तेल-पाण्यासारखी गाडलेली सीमा हवी असेल, म्हणजे तांबड्या रश्श्यावरच्या तवंगाच्या खालची बाजू, तर वरच्या द्रवातून पार जाणारे जास्त ऊर्जेचे किरण लागतात. कॉपर ट्यूबचं ते काम नव्हे.

माझा कल सांगतो. पहिल्यांदाच द्रवावर काम करत असाल तर रिफ्लेक्टिव्हिटीनं सुरुवात करा. फिल्म सिलिकॉनवर उचलून घेतली तर मांडणी आणि विश्लेषण साध्या डिफ्रॅक्टोमीटरवरही शिकता येतं. खऱ्या द्रवासाठी हॅम्बुर्गचं पेट्रा-३ किंवा ग्रेनोबलचं ईएसआरएफ ही तीव्र क्ष-किरण देणारी सिंक्रोट्रॉन केंद्रं, आणि तिथं बीमटाइम (किरण वापरायची वेळ) मिळतो मोजक्या दिवसांचा. घट्ट पॉलिमर वितळ आणि मायक्रोसेकंद ते हजारो सेकंदांतलीच शिथिलता हा तुमचा प्रश्न असेल, तर मात्र रिफ्लेक्टिव्हिटीत रेंगाळू नका. एक्सपीसीएसचा प्रस्ताव लिहायला घ्या.

दोन्हींच्या आधी लँगमुइर ट्रफवर, म्हणजे पाण्यावरचा थर सरकत्या अडसरांनी दाबून त्याचा पृष्ठदाब मोजणाऱ्या उथळ तबकावर, काही महिने घालवा. माझे पहिले दोन महिने फुकट गेले: दाबाचा आलेख रोज वेगळा यायचा आणि मी पॉलिमरला दोष द्यायचो. शेवटी दोष निघाला पाण्याच्या कॅनच्या रबरी वॉशरमध्ये. आता पाणी ओतल्यावर पॉलिमर घालण्याआधी अडसर पूर्ण मिटवतो आणि दाब ०.२ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या वर चढला, तर ते पाणी ओतून देतो.