आय-रेसिंगची वर्षाची वर्गणी: जालन्यात बसून स्टॉक कार चालवावी का?

आधी पैशाचं बोलतो. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे माझं, जालन्यात, नव्या मोंढ्याच्या अंगाला. त्यामुळे कुठल्याही वस्तूचं मला आधी बिल दिसतं. आय-रेसिंग ही घरच्या कॉम्प्युटरवरून जगभरच्या माणसांशी मोटार शर्यत लावायची अमेरिकन सेवा, २००८ पासून चालू असलेली. महिन्याचे १३ डॉलर, वर्षाचे एकदम भरले तर ११०. नव्या गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा सूट मिळते, ती बघूनच शिरा. सूट नाही धरली तर प्रकरण वर्षाला दहा हजारांच्या घरात जातं, वर बँकेचे परदेशी चलनाचे पैसे वेगळे. कार्डावरचा परदेशी व्यवहार सहसा बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या.

खरी मेख पुढं आहे. वर्गणीत थोड्या गाड्या आणि थोडे ट्रॅक येतात, बाकी सगळं सुटं विकत. एक गाडी १२ डॉलरच्या आसपास, मोठा ट्रॅक १५ पर्यंत. आणि वर्गणी थांबली की पैसे मोजून घेतलेली गाडीसुद्धा कुलपात. परत वर्गणी भरा, मग गाडी काढा. धंदा म्हणून डोकं भारी लावलंय, गिऱ्हाईक म्हणून मला ते पटलेलं नाही.

तरी घेतली, ती विल्यम बायरनमुळे.

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी: नॅसकार ही अमेरिकेतली स्टॉक कार शर्यतींची सर्वांत मोठी संस्था, १९४८ सालची. बहुतेक ट्रॅक लंबगोल, गाड्या दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या, वळण कायम डावीकडं. तिथं वर आलेली पोरं बहुतेक करून लहानपणापासून कार्ट (छोटी, बुटकी रेसिंग गाडी) चालवलेली असतात. कुणाचा बाप ड्रायव्हर, कुणाचा आजा. बायरनच्या घरी यातलं काही नव्हतं. जन्म १९९७ चा, शार्लट शहरातला, वडील लोकांच्या पैशाची गुंतवणूक बघणारे. हा पोरगा तेरा-चौदाव्या वर्षी आय-रेसिंगवर बसला आणि तिथं शंभराहून जास्त शर्यती जिंकला. खऱ्या गाडीत तो बसला तो पंधराव्या वर्षी, लेजंड्स कारमध्ये. ही जुन्या फोर्डसारखी दिसणारी बुटकी गाडी, आत यामाहाच्या मोटारसायकलचं इंजिन.

तिथून पुढचा जिना बघा. २०१५ ला खालच्या पायरीवरच्या के ॲन्ड एन ईस्ट मालिकेचं विजेतेपद. २०१६ ला ट्रक मालिका, म्हणजे पिकअप ट्रकांच्या शर्यती, पहिल्याच वर्षी सात विजय. त्या वर्षी फिनिक्सला तो सगळ्यात पुढं पळत होता, थोडे लॅप उरले होते, आणि इंजिन उडालं. विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत जायची संधी गेली. सात शर्यती जिंकलेला माणूस एका इंजिनामुळं बाहेर! आमच्या धंद्यात हे रोज बघतो आम्ही. शेतकरी ऐन पेरणीत क्रँक तुटून दुकानात उभा असतो, त्याचा चेहरा आणि त्या पोराचा चेहरा वेगळा नव्हता. पण २०१७ ला त्यानं त्याच्या वरची एक्सफिनिटी मालिका जिंकलीच, आणि २०१८ ला हेन्ड्रिक संघानं त्याला सर्वांत वरच्या कप मालिकेत आणलं, तेही २४ नंबरच्या गाडीत, म्हणजे जेफ गॉर्डन या नावाजलेल्या जुन्या ड्रायव्हरचा नंबर. डेटोना ५०० ही तिथली सर्वांत मानाची शर्यत त्यानं २०२४ ला जिंकली आणि २०२५ ला परत जिंकली.

आता कुणी म्हणेल, त्याच्या घरी पैसा होता. होताच. शर्यतीत पैशाशिवाय चाक फिरत नाही. म्हणून दुसरं नाव सांगतो, राजा करूथ. वॉशिंग्टनमध्ये वाढलेला, २००२ चा जन्म, कार्टिंग वगैरे काही नाही, घरात आय-रेसिंग खेळणारा. ऑनलाइन शर्यतींतून त्याला नॅसकारच्या अल्पसंख्याक आणि महिला ड्रायव्हरांसाठीच्या कार्यक्रमात जागा मिळाली, तिथं लेजंड्स कार, मग वर वर. मार्च २०२४ मध्ये लास वेगासला त्यानं ट्रक मालिकेतली शर्यत जिंकली. नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकांत जिंकणारा तो तिसरा कृष्णवर्णीय ड्रायव्हर. आणि हे करताना तो कॉलेजही शिकत होता.

ज्या लेजंड्स कारपासून या दोघांनी सुरुवात केली तीच गाडी आय-रेसिंगच्या साध्या वर्गणीत फुकट येते. सोबत स्ट्रीट स्टॉक नावाची एक जड, ओबडधोबड गाडी येते. माझं म्हणणं एवढंच की पहिलं वर्ष या दोन गाड्यांच्या बाहेर जाऊ नका. दिसली गाडी की घे, असं करणाऱ्यांचे हजारो रुपये पहिल्या महिन्यात गेलेले पाहिलेत, आणि त्यांच्याकडं त्या गाड्या चालवायचा परवानाही नव्हता.

हो, परवाना. या सेवेची खरी किंमत मला इथं दिसली. सुरुवात रूकी म्हणून, मग डी, सी, बी, ए असे परवाने. वर चढायचं तर नुसतं जिंकून भागत नाही, सेफ्टी रेटिंग लागतं, म्हणजे न ठोकता किती नीट चालवता याचा आकडा. ते २.५० वर सुरू होतं. सीझन संपताना ३.०० च्या वर असलात तर पुढचा परवाना, ४.०० ओलांडलं तर मधेच बढती. गाडी गरकन फिरली की दोन दंडगुण, दुसऱ्याला जोरात ठोकलं की चार, आणि त्यानं रेटिंग घसरतं. आणि चूक कुणाची हे मशीन बघतच नाही! मागून येऊन कुणी तुम्हाला ठोकलं तरी चार तुमच्याही नावावर. मुद्दाम ठोकलं असेल तर तक्रार करता येते, पण साध्या धडकेत सुनावणी नाही. सुरुवातीला डोकं सणकतं. नंतर माणूस आपोआप अंतर ठेवायला लागतो, समोरच्याचा अंदाज घ्यायला लागतो. शिवाय इथं खऱ्या नावानं खेळावं लागतं, त्यामुळं शिवीगाळ कमी. समृद्धीवर १२० ची मर्यादा असताना मोबाइल डॅशबोर्डला लावून १८० चे व्हिडिओ काढणाऱ्या आपल्या पोरांना एक महिना या रूकी वर्गात बसवलं पाहिजे.

साउथ बोस्टन नावाचा व्हर्जिनियातला छोटा ट्रॅक आहे, ०.४ मैलांचा, वर्गणीतच मिळतो. माझी सगळी शिकवणी तिथं झाली. हिरवा झेंडा पडला की पहिल्या वळणावर सगळे एकमेकांच्या अंगावर जातात, म्हणून मी मागंच राहतो. चार जण भिंतीला लागले की माझा नंबर आपोआप चारनं वर. पण पुढचं तसं सोपं नाही. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर थोडा लवकर दाबला की पुढचा उजवा टायर तापतो, गाडी वळायचं नाव घेत नाही, बाहेरच्या भिंतीकडं सरकत जाते. याला ते टाइट म्हणतात. उलट मागची बाजू सुटायला लागली की लूज. पाच-सहा लॅप टायर जपला तर शेवटी समोरच्यांचे टायर संपलेले असतात आणि तुमचा अजून शिल्लक असतो. कानात स्पॉटरचा आवाज चालू असतो. खऱ्या शर्यतीत हा माणूस उंचावर उभा राहून ड्रायव्हरला बाजूची गाडी सांगतो, इथं कॉम्प्युटर सांगतो: ‘इनसाइड... स्टिल देअर... क्लिअर.’ एकदा शेवटच्या लॅपला तिसरा होतो, ‘इनसाइड’ ऐकू आलं, मी वर सरकून जागा दिली आणि चौथा आलो. एकही दंडगुण लागला नाही आणि रेटिंग ३.०० च्या पलीकडं गेलं. त्या चौथ्या नंबरचा जेवढा आनंद झाला तेवढा पुढं एका विजयाचाही झाला नाही.

आईला हे सगळं अजब वाटतं. चहा घेऊन आली की पाठीमागं उभी राहून बघते. ‘एकाच बाजूला कामून वळायलास रे? उजवीकडं रस्ता नाही का?’ नाही, आई. आणि गाडीही तशीच बनवलेली असते. ओव्हलवरच्या, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरच्या गाडीला उजवीकडचे टायर डावीकडच्यांपेक्षा घेराला थोडे मोठे लावतात. स्टीलचा पेला आडवा करून फरशीवर ढकला, तो निमुळत्या बाजूला गोल वळत जातो, तेच इथं. याला स्टॅगर म्हणतात. मोठ्या वर्गात तुम्ही हे स्वतः बदलू शकता, वजन कुठल्या चाकावर किती टाकायचं तेही. रूकी वर्गात सगळ्यांची गाडी एकसारखी, हात लावता येत नाही. ते बरंच आहे. हरलो तर गाडीवर ढकलता येत नाही.

सामानाचं थोडक्यात. विंडोजचा कॉम्प्युटर लागतो, त्यात बरं ग्राफिक्स कार्ड हवं. कीबोर्डवर खेळायचा विचारही करू नका. मी ९०० अंश फिरणारं साधं गिअरवालं स्टिअरिंग संभाजीनगरच्या एका इंजिनिअरिंगच्या पोराकडून जुनं घेतलं. तो पुण्याला नोकरीला निघाला होता. ब्रेकवर जोरात पाय दिला की पेडल शहाबादी फरशीवरून पळायचे. मग ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपाची फ्रेम करून घेतली, भंगारातून जुन्या जीपचं सीट आणून त्यावर नटबोल्टनं बसवलं. तयार रिग, म्हणजे असा सीटसकटचा सांगाडा, घ्यायला गेलात तर स्टिअरिंगएवढेच पैसे जातात. जालन्यासारख्या लोखंडाच्या गावात राहून ते देणं म्हणजे लाज आहे.

आता आपल्याकडची अडचण. अमेरिकेच्या सर्व्हरवर इथून पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, अडीचशे मिलिसेकंदांच्या आगेमागे असतो. ओव्हलवर गाड्या एकमेकींना चिकटून पळतात, त्यामुळं कधी समोरची गाडी जागेवरून उडी मारल्यासारखी दिसते. वायफाय सोडून थेट केबल लावली तर बराच फरक पडतो. दुसरं, वेळ. तिकडच्या संध्याकाळी सगळ्यात जास्त लोक असतात, आणि तेव्हा आपली पहाट असते. मी साडेपाचला बसतो, आठला उठतो, साडेनऊला दुकान. रात्री खेळणाऱ्यांना कधी शर्यत भरायलाच पुरेसे लोक मिळत नाहीत. तिसरं म्हणजे लाईट. ऐन शर्यतीत लाईट गेली की शर्यत तिथंच संपते आणि नंबर तळाला. दुकानातला इन्व्हर्टर घरी आणला, राउटरही त्यावरच टाकला. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की मात्र मी शर्यत लावतच नाही.

ट्रॅकबद्दल सांगायलाच पाहिजे. हे लोक खऱ्या ट्रॅकवर लेझरनं मापं घेतात, खड्डा न् खड्डा. नॉर्थ विल्क्सबरो नावाचा जुना ट्रॅक १९९६ नंतर नॅसकारच्या मोठ्या शर्यतींना मुकला होता, झाडंझुडपं वाढली होती. २०१९ च्या डिसेंबरात डेल अर्नहार्ट ज्युनिअर या नॅसकारच्या नावाजलेल्या ड्रायव्हरनं माणसं गोळा करून तो साफ करून घेतला, कशासाठी तर आय-रेसिंगला स्कॅन करता यावा म्हणून. निदान कॉम्प्युटरवर तरी राहील, एवढीच तेव्हाची इच्छा. पण गाजावाजा झाला आणि मे २०२३ मध्ये नॅसकारची ऑल-स्टार शर्यत खरोखर तिथं झाली. मधल्या काळात, २०२० ला कोरोनामुळं शर्यती बंद पडल्या, तेव्हा नॅसकारचे खरे ड्रायव्हर घरात बसून आय-रेसिंगवर लढले आणि अमेरिकेत ते टीव्हीवर दाखवलं. सातपैकी तीन शर्यती बायरननं नेल्या. शेवटची त्याच नॉर्थ विल्क्सबरोवर होती.

मग इथल्या पोराला यातून ड्रायव्हर होता येईल का? दुकानात हा प्रश्न विचारणारे येतात. खरं सांगायचं तर स्टॉक कारचा तो जिना अमेरिकेतच आहे. आय-रेसिंग पहिल्या पायरीवरच्या सवयी लावतं, पुढच्या पायऱ्यांना व्हिसा आणि प्रायोजक लागतो. आपल्याकडं मोटारशर्यतीचा रस्ता कार्टिंगमधून कोइम्बतूर-चेन्नईकडं जातो. तरी नारायण कार्तिकेयन २०१० ला नॅसकारच्या ट्रक मालिकेत जाऊन आला होता. फॉर्म्युला वन खेळलेला माणूस, पण ओव्हल नवा. मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत तेरावा आला, आणि त्या वर्षी चाहत्यांनी मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून त्यालाच निवडलं.

माझी पुढची खरेदी तोच मार्टिन्सव्हिल. अर्ध्या मैलाहून किंचित मोठा, दोन लांब सरळ पट्टे आणि दोन अगदी आखूड वळणं, म्हणजे ब्रेकचं काम. ब्रेक पेडलच्या मागं टाकायला दुकानातलाच एक रबर बुश कापून ठेवलाय.

वर्गणी आपोआप रिन्यू होते, तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. आणि पहिल्यांदा वर्षाची घेऊ नका, तीन महिन्यांची घ्या.