गव्हाच्या बहुस्थानीय चाचण्यांसाठी ‘मेटॅन’ पॅकेज

गव्हाचे एखादे वाण एका ठिकाणी पहिले येते आणि दुसऱ्या ठिकाणी तळाला जाते, तेव्हा केवळ सरासरी उत्पादनावरून केलेली निवड पैदासकाराला फसवते. म्हणून तीच वाणे अनेक ठिकाणी पेरून चाचण्या घेतात. अशा चाचण्यांच्या विश्लेषणासाठी ‘आर’ या संगणकीय भाषेत तियागो ऑलिव्होटो आणि आलेसांद्रो लुसिओ यांनी ‘मेटॅन’ हे मोफत पॅकेज तयार केले असून त्यावरील शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

ठिकाण, वाण, पुनरावृत्ती आणि उत्पादन असे साधे रकाने भरले की एबरहार्ट-रसेल यांची १९६६ ची प्रतिगमन पद्धत (ठिकाण सुधारले की वाणाचे उत्पादन किती बदलते हे मोजणारी), ‘अ‍ॅमी’ (वाण आणि ठिकाण यांचा परस्परपरिणाम वेगळा काढणारी पद्धत) आणि ‘जीजीई’ बायप्लॉट (वाणे आणि ठिकाणे एकत्र दाखवणारा आलेख) ही सारी विश्लेषणे त्याच तक्त्यावर करता येतात, ही मोठी सोय आहे. उत्पादन आणि स्थैर्य (ठिकाण बदलले तरी वाणाने सारखे वागणे) यांना किती महत्त्व द्यायचे, हेही आपल्याला ठरवता येते. मूळ मांडणीत दोन्हींना समान भार असतो. तो विचार न करता तसाच ठेवू नये, कारण ठरावीक प्रदेशासाठी वाण निवडताना सर्वत्र सारखे वागणाऱ्या वाणापेक्षा तिथे भरघोस पिकणारे वाण अधिक मोलाचे असते.

माझा मुख्य आक्षेप पॅकेजमधील मिश्र मॉडेलबाबत, म्हणजे काही परिणाम निश्चित तर काही यादृच्छिक मानणाऱ्या सांख्यिकी पद्धतीबाबत आहे. सर्व ठिकाणची प्रायोगिक त्रुटी (एकाच वाणाच्या पुनरावृत्तींमध्ये पडणारा फरक) सारखीच आहे असे हे मॉडेल गृहीत धरते. प्रत्यक्षात ओलिताचे एकसारखे शेत आणि ओंबीत दाणा भरताना उष्णतेचा तडाखा बसलेले कोरडवाहू शेत यांतील त्रुटी क्वचितच सारखी असते. शेतातल्या शेतात जमिनीच्या पोतानुसार पडणारा फरकही त्यात विचारात घेतला जात नाही. म्हणून आधी प्रत्येक ठिकाणचे विश्लेषण स्वतंत्रपणे, शक्य असल्यास शेतातला जागेनुसारचा फरक हिशेबात घेणाऱ्या ‘स्पॅट्स’सारख्या पॅकेजने करावे आणि त्यातून मिळालेल्या सुधारित सरासऱ्यांवर ‘जीजीई’ बायप्लॉट काढावा, असे मी आग्रहाने सुचवेन. गहाळ नोंदी अंदाजाने भरण्याची सोय आहे, पण बरेच वाण काही ठिकाणी पेरलेच नसतील, तर तिच्यावर विसंबू नये.

बायप्लॉट इतके देखणे निघतात की पहिल्या दोन घटकांनी (आलेखाच्या दोन अक्षांनी) एकूण फरकाचा किती भाग टिपला, हे पाहायचे राहून जाते. तो भाग थोडा असेल, किंवा चाचणी एकाच हंगामाची असेल, तर त्या चित्रावरून प्रदेशांचे गट पाडू नयेत. मार्गदर्शक पुस्तिका सविस्तर आहे, मात्र ‘आर’ची प्राथमिक ओळख नसलेल्यांनी ती आधी करून घ्यावी.